सुगंधामावशींचा कायदा

मुलुंडच्या आमच्या बालवर्गात सुगंधामावशींचा एकच कायदा होता. मुलाला फसवून जायचं नाही. मूल खेळण्यात रमलं की आई पाय न वाजवता सटकायला बघते. मावशी फाटकात आडव्या उभ्या. "सांगून जावा. रडणारा पोर गप रवता, फसवलेला रवणा नाय." एका बँकवाल्या बाईंची मीटिंग बुडाली, तरी मावशी फाटकातून हलल्या नाहीत.

मी तिथली टीचर. मुलांना "आईला बाय करा" शिकवायचं काम माझं, आणि माझ्या पाठोपाठ आयांकडून "येते हं" वदवून घ्यायचं काम मावशींनी स्वतःच अंगावर घेतलेलं. यावरून आमचं वाजायचं. "तुमचा बाय म्हणजे तुटला," त्या म्हणायच्या. "आमच्यात कोण जातंय म्हणणा नाय. येतंय म्हणतत. आणि येतंय म्हटला तर येवकच व्हया."

मला कोणी खोडून काढलं की मी पुस्तकं उघडते, वाईट खोड आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, मावशी, हा शब्द पूर्वी एवढासा नव्हता. निरोप घेताना इंग्रज माणूस म्हणायचा, 'गॉड बी विथ यी', देव तुमच्यासोबत असो. बोलून बोलून ते सगळं एकात मिसळलं. गुड मॉर्निंगच्या नादाने गॉडचं गुड झालं, गुडबाय झालं. पुढे घाईत तेवढं गुडही गळलं.

मावशी फरशी पुसायच्या थांबल्या. "म्हणजे देव झिजान गेलो?"

"गेला नाही. आत आहे."

"मगे चलात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पुसायला लागल्या. बायवरचा त्यांचा राग त्या दिवशी संपला.

त्या कायद्यामागचं दुःख मला पुढे कळलं. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा दोघांनाही कामाला जावं लागलं, भांडुपच्या खोलीत मुलाला बघायला कोणी उरलं नाही, म्हणून तीन वर्षांच्या सिद्धेशला त्यांनी कणकवलीकडे सासूजवळ ठेवलं. तो झोपलेला असताना त्या निघाल्या. सासूच म्हणाली, उठवू नको, रडेल. उठल्यावर पोर दिवसभर आईला गोठ्यात, विहिरीपाशी, माळ्यावर शोधत होतं. परत मुंबईला आणलं तेव्हा तो मांडीवर बसेना. मोठा होऊन चांगला नोकरीला लागला, आईचं औषधपाणी, डॉक्टर सगळं न सांगता करायचा, पण घरातून निघताना 'येतो' एवढं काही त्याच्या तोंडून आलं नाही. नुसता दार ओढल्याचा आवाज यायचा.

"तो आवाज माका लागता, टीचर," हे सांगताना मावशी रडल्या. "एकदा तरी सांगान जावंदे." मलाही रडू आलं.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. धोका आहे हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आलं होतं आणि सिद्धेश भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोळे घालून उभा होता.

"सिद्धू," मावशींनी हाक मारली. "बाय हां रे."

त्याने झटकन येऊन स्ट्रेचरची दांडी धरली. "बाय काय गं? येते म्हण ना!"

"खोटा नाय सांगणा तुका. देव तुज्या वांगडा आसांदे."

त्याची बोटं वॉर्डबॉयला एकेक करून सोडवावी लागली.

मावशी जिवंत आल्या नाहीत.

तिथल्या बाकावर बसून मी सिद्धेशला त्या शब्दाची गोष्ट सांगितली, आत राहिलेल्या देवासकट. मला भीती होती, हा आता डॉक्टरांवर ओरडेल, निदान माझ्यावर तरी.

"ह्या वेळी सांगून गेली," तो म्हणाला.

मग नातेवाइकांना आणायला खाली जायचं होतं. जाण्याआधी तो आईजवळ गेला, तिच्या पायांवरची चादर नीट केली आणि वाकून म्हणाला, "आई, येतो गं."