सुईनंतरचं तूप

सोमवार, दसऱ्यानंतरचा पहिला. वजनाच्या दवाखान्यात हजर: डॉक्टर, आहारतज्ज्ञ बाई, माझ्या थोरल्या जाऊ म्हणजे अक्का, आणि मी. गैरहजर: सासूबाई. त्यांना घरात आम्ही सगळे अव्वा म्हणतो. स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात असल्यामुळे खरं तर त्यांनाच न्यायला हवं होतं.

अक्कांचे दोन्ही गुडघे गेलेत. जिन्याच्या पायऱ्या त्या बसून बसून उतरतात. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन उतरवा, मगच ऑपरेशन. म्हणून हा दवाखाना. दर सोमवारी जीवनसत्त्वाची सुई आणि वर भरपूर सल्ला.

त्या दिवशी वजन उलट वाढलेलं निघालं.

"लहान ताटलीत जेवताय ना?" आहारतज्ज्ञ बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"व्हय की. दोनदा घेते."

"जास्त खाणं कुठल्या दिवशी होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुईच्या दिवशी. सुई उष्ण पडते म्हणून अव्वा वाटीभर तूप देतात. नुसतं तूप कसं खायचं? मग शेंगापोळी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुमच्या रक्तात बी-बारा कमी आहे, म्हणून सुई देतोय. ती उष्ण नसते आणि तिनं चरबीही वितळत नाही. घरी स्पष्ट सांगा."

"घरच्यांचा पाठिंबा फार महत्त्वाचा," बाई म्हणाल्या. आमच्याकडे पाठिंबा वाटीतून ओघळत होता, हे त्यांना कोण सांगणार?

परतताना रिक्षातच मी काम वाटायला घेतलं.

"अव्वांना तुम्ही सांगा, अक्का. तुम्ही थोरल्या."

"तू सांग की. तू शिकलेली."

शेवटी थोरल्या भावजींना फोन लावला. "बायकांच्या स्वयंपाकात मी कशाला पडू?" ते म्हणाले. रोज रात्री त्याच स्वयंपाकघरात तिसरी भाकरी मागणारे हेच.

अव्वा दारातच उभ्या होत्या, हातात वाटी. "आली का टोचून? लई वाळली गं माजी सून." दारातून आडवं आत जाणाऱ्या अक्कांना हे ऐकून भरून आलं. मी घसा खाकरला. अव्वांनी माझ्याकडे पाहिलं. "तुजं तोंड बी सुकलंय की. बस हितं." माझ्यापुढेही वाटी आली.

येत्या सोमवारची रिक्षा सांगून झाली. हाडांच्या डॉक्टरांकडची वेळ पुढे ढकलून झाली. अव्वांना सांगायचं तेवढं राहिलंय.