सॅम्पलमधली आक्का

आक्का गेली. ह्यावेळी खरंच.

एवढं लिहायला लागतंय, कारण काल दुपारपासनं कुणाला पटेनाच.

ज्यांना माहीत न्हाय त्यांच्यासाठी सांगतो.

मी निपाणीत घरी बसून एक छोटं ॲप चालवतो. वाढदिवस, लग्न, श्रद्धांजली, सगळ्याची कार्डं त्यात बनतात. फोटो टाका, नाव टाका, फॉरवर्ड करा.
कोडिंग माझं. फ्रेमा सगळ्या सुजाताआक्काच्या. संकेश्वरात तिचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान. प्रत्येक फ्रेम मराठीत एक, कन्नडमध्ये एक.

ॲप पहिल्यांदा काढलं तेव्हा श्रद्धांजलीच्या फ्रेममध्ये सॅम्पल म्हणून कुणाचातरी फोटो पाहिजे होता.
कोण देणार?
मित्रांनी शिव्या घातल्या. मी माझाच घालतो म्हटल्यावर आईनं हातातला मोबाईल हिसकावून घेतला.

आक्का म्हणाली, "माझा घाल. त्यानं काय मी लगीच मरतीया व्हय?"
आणि लगेच, "फकस्त केस जरा काळं कर रं."

तेव्हापासनं ॲप उघडलं की हार घातलेली आक्का हसत समोर.
गिऱ्हाईकं दुकानात येऊन दचकायची. "अगं बाई, तुम्ही हाय व्हय अजून?"
"हाय की. झेरॉक्स किती काढू?"

खरं सांगतो, त्या ॲपला मी वैतागलोय. दरवर्षी ॲप स्टोअरवाल्यांचा ईमेल. हे बदला, ते बदला, न्हायतर ॲप काढून टाकू. चालत असलेली गोष्ट परत चालती करायची, एवढंच काम. त्यावर लोक एक स्टार देऊन लिहितात, "बेकार".

ह्या महिन्यात परत ईमेल आला. म्हटलं, बास. पडू दे बंद. आक्काला फोन करून सांगितलं.

"कटाळलास व्हय? मी इतकी वर्षं गळ्यात हार घालून बसलीया तुझ्या ॲपात. मी कटाळली का?"

बघतो म्हटलं.

काल दुकानातच तिला अटॅक आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

तिचा मुलगा म्हणाला, "दादा, कार्ड तू कर. आईचा दुसरा बरा फोटो न्हाय. ॲपातलाच घे."

तीच फ्रेम. तोच फोटो. खाली अंत्यविधीची वेळ घालून ग्रुपवर पाठवलं.

हसण्याच्या इमोजी आल्या.
"चुकून सॅम्पल पाठवलंस रं!"

मग एकेकाला फोन. सांबऱ्याला राहणारी तिची सख्खी बहीण म्हणाली, "चेष्टा नको करू. ॲपातला फोटो हाय की तो."
मला बोलताच येईना. त्यावरनंच तिला कळलं. तिचं ते रडणं अजून कानात आहे.
ती पोचेपर्यंत आम्ही आक्काला उचललं न्हाय.

दमलोय. लई दमलोय.

तरी आज सकाळी लॅपटॉप उघडला. अपडेट टाकलं. आक्का सॅम्पलमध्ये हसत बसली तर ती गेली हे लोकांना पटणार कसं? तिचा फोटो काढला. त्या जागी माझा घातला.

आईला दाखवलं. ह्यावेळी तिनं काही हिसकावून घेतलं न्हाय. नुसता माझ्या डोक्यावरनं हात फिरवला.

आक्का, लई वर्षं हार घालून बसलीस. आता निवांत जा.
तिथं मी बसतो.