पिंपरखेड्याचं उलटं स्टेशन

जे आजवर एका माणसाशिवाय कोणालाच सांगितलेलं नाही ते पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, नाहीतर पुढे कुठेतरी सोयीस्करपणे गाळून टाकीन. धुळ्याच्या नानांनी दोन वर्षं खपून बांधलेलं पिंपरखेडे स्टेशन उजव्याचं डावं झालं आहे, ते माझ्यामुळे. आणि नाशिकहून निघताना मला ते माहीत होतं.

आम्ही खेळण्यातल्या रेल्वेची माणसं. 'खेळण्यातल्या' म्हटलेलं गोगट्यांना चालत नाही, ते 'मॉडेल' म्हणतात. चाळीसगाव-धुळे ही आमची लाइन. प्रत्येकाने घरी एका पाटावर आपल्या वाट्याचं स्टेशन बांधायचं आणि वर्षातून एकदा सगळे पाट एका ठिकाणी जोडून गाड्या चालवायच्या, असा आमचा रिवाज. पिंपरखेडे नानांच्या वाट्याला आलं, कारण ते त्यांच्या मामाचं गाव. तिथली जुनी इमारत कधीच पाडली गेली. पण तरुणपणी मी तिच्या स्लाईड (पारदर्शक फिल्मवरचे फोटो) काढल्या होत्या. त्या स्कॅन करून नानांना पाठवल्या आणि स्कॅन करताना सगळ्याच उलट्या बाजूने ठेवल्या, म्हणजे उजवं ते डावं झालं. स्टेशनच्या नावाची पाटी एकाही स्लाईडमध्ये नव्हती, त्यामुळे कळायला काही मार्ग नव्हता. फलाटावरच्या बायांचा पदर उजव्या खांद्यावर दिसत होता खरा, पण मी समजलो, गुजरात जवळ आहे, तशा नेसत असतील.

पावसाळ्यात कपाट आवरताना मूळ स्लाईड हातात आली, उजेडाकडे धरली, तर बायांचा पदर डाव्या खांद्यावर. नानांचं काम तोवर रंगापर्यंत आलेलं, त्याचे फोटो ते मला पाठवत असत. मी स्लाईड डबीत ठेवली, डबी कपाटात ठेवली आणि गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं.

डिसेंबरात जळगावला एका शाळेच्या सभागृहात आमचं प्रदर्शन ठरलं. आदल्या दिवशी धुळ्याला जाऊन नानांना आणि त्यांच्या पाटाला घेऊन यायचं काम गोगटे, फिरोज आणि माझ्याकडे आलं. गोगटे बँकेतून निवृत्त झालेले, डब्यावरचे रिव्हेट मोजणारे गृहस्थ. फिरोजचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याला गोगट्यांना छळण्यापलीकडे दुसरा छंद नाही, रेल्वे हे निमित्त.

चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरली. खिडकीबाहेर कापसाची वेचणी संपत आलेली, पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) ओळी, मध्येच एखादं पिवळं मक्याचं खळं. बघण्यासारखं बरंच होतं. पण माझ्या दोन्ही बाजूंनी फिरोजने बनवलेल्या डब्याच्या रंगावरून भांडण चाललेलं.

"तुझा डबा तांबडा नाही, फिरोज. विटकरी आहे."

"दोन उन्हाळे खाल्लेला डबा आहे तो. रंग उडणार नाही का?"

"मग धूळ दाखव. धूळ कुठाय?"

"चहाची भुकटी चाळून मारलीय. वास घेऊन बघा."

"वास!" गोगटे माझ्याकडे वळले. "काळे, तुम्ही सांगा. तुमच्याकडे पुरावा असतो."

आमच्या गटात माझी ही ख्याती. माझ्याकडे पुरावा असतो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शिरूड गेलं, बोरविहीर गेलं, लळिंगचा किल्ला दिसायला लागला, तरी डबा विटकरीच होता. समोरच्या बाकावरच्या आजींनी शेवटी विचारलं, "तुमनी कोनती गाडी शे वो भाऊ, इतलं भांडी ऱ्हायनात?" (तुमची कोणती गाडी आहे, एवढं भांडताय?) फिरोजने पिशवीतून डबा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. आजींनी तो उलटापालटा केला, चाकं फिरवून पाहिली आणि परत दिला. पुढे सगळा वेळ त्या आमच्याकडे फार दयेने बघत होत्या.

नाना धुळ्यातल्या देवपुरात राहतात. मूळचे शिंदखेडा तालुक्यातले शेतकरी, अजून तिथे शेती आहे. आता सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटक. दारातच म्हणाले, "या, या. बठ्ठा उनात का?" (सगळे आलात का?) आणि चहा व्हायच्या आत आम्हाला माडीवर घेऊन गेले.

पाट खिडकीशी मांडलेला होता. त्या पाटात गोगट्यांनासुद्धा लगेच खोट काढता आली नाही, यावरून काय ते समजा. दगडी चिरा न् चिरा कोरलेली इमारत, दोडक्याच्या जाळीची झुडपं, रुळांखाली चाळून घेतलेली खडी, आणि इमारतीच्या डाव्या अंगाला पऱ्हाटीच्या फांदीतून घडवलेला मोठा निंब (कडुनिंब).

"हा निंब," नाना म्हणाले, "माझ्या डोक्यात जेवना हातले (उजव्या हाताला) व्हता. लहानपनी त्याखाले बसून मी मामाची वाट पाहेल शे. पन फोटोत डावीकडे. काळेसाहेबांनी फोटो पाठवले म्हनून, नाहीतर मी चुकीचंच बांधलं असतं."

"आठवणीचं असंच असतं, नाना," गोगटे म्हणाले. "म्हणून आपण फोटोवर जायचं."

मी निंबाची पानं बारकाईने पाहिली. पानं फारच छान होती.

रात्रीच्या जेवणाला भरीत होतं. काट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, बडगीत (लाकडी उखळीत) हिरव्या मिरचीबरोबर कांडलेली, वर कांद्याची पात, आणि कळण्याची (उडीद घातलेल्या ज्वारीच्या पिठाची) भाकरी. फिरोजच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो तिसरी भाकरी मागत होता. नानांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणतात. त्या वाढता वाढता सहज बोलल्या, "यासले आजकाल काही ध्यानमा ऱ्हास नही, भाऊ." (यांच्या आजकाल काही लक्षात राहत नाही.)

"अक्का, आमच्याही राहत नाही," फिरोज म्हणाला.

"तसं नाही काका." हा दीपक, नानांचा मुलगा. बियाण्यांचं दुकान चालवतो, शांत, कष्टाळू माणूस. "मागे त्या झाडावरून महिनाभर घोळ घातला यांनी. झाड उजवीकडेच, म्हणे. फोटो समोर धरला तरी ऐकेनात. मग एक दिवस आपणहून म्हणाले, माझंच चुकत असेल. तेव्हापासून मी यांची स्कूटर बंद केली. शेतावरही एकटं जाऊ देत नाही. ज्याला मामाचं गाव आठवत नाही, तो शिंदखेड्याच्या रस्त्यावर कुठे वळेल काय सांगावं?"

नाना ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत बसले होते. 

तोवर मला वाटत होतं, एक स्टेशन चुकलं. चुकलं तर चुकलं, कोण बघतंय. इथे तर एका माणसाला आपल्याच डोक्याची भीती वाटायला लागली होती, घरच्यांनी त्याचा रस्ता बंद केला होता, आणि त्याचं कारण माझ्या कपाटात डबीत ठेवलेलं. बोलायला हवं होतं, तिथेच, ताटावर. मी अक्कांना म्हणालो, भरीत फक्कड झालंय.

सकाळी दीपकच्या पिकअपमधून पाट घेऊन जळगावकडे निघालो. पाटाला गोधड्या गुंडाळलेल्या, त्याला धरून मागे फिरोज आणि मी. पुढे गोगटे नानांना वेळापत्रक समजावत होते, ते मागेही ऐकू येत होतं. पारोळ्याला एका गतिरोधकावर निंब मुळासकट उखडला. एरंडोलला गाडी थांबवून, टपरीवर, फिरोजने तो डिंकाने परत बसवला. गोगटे वरून सूचना देत होते.

"थोडा डावीकडे झुकलाय."

"वारा आहे."

"वारा पश्चिमेचा असतो, फिरोज."

"गोगटे, तुम्ही निंबाखाली उभे राहा ना. सरळ दिसेल."

नाना हसले, पण झाड बसवायला त्यांनी हात लावला नाही. "तुम्हीच बसवा," म्हणाले. "मी लावलं तर परत चुकीच्या अंगाला लावीन." फिरोज त्यावरही हसला. मला त्या टपरीवर ओरडावंसं वाटलं. कोणावर, तेही कळत होतं.

जळगावला सभागृहात पाट जोडले, लाइन पुरी झाली, शाळेची मुलं आणि त्यांचे आईबाप दोरीपलीकडे उभे राहिले, आणि गोगट्यांनी शिट्टी मारली. आमचा एक नियम बाहेरच्यांना विचित्र वाटतो. एकदा शिट्टी झाली की गाडीला हात लावायचा नाही. गाडी अडली, रुळावरून घसरली, काही झालं तरी रेल्वेत जे करतात तेच करायचं. आकाशातून हात खाली येत नाही, असं गोगटे म्हणतात.

वेळापत्रकाप्रमाणे चाळीसगावहून येणाऱ्या मालगाडीने पिंपरखेड्याला कापसाच्या गाठींचे दोन डबे बाजूच्या आखूड रुळावर (सायडिंगवर) सोडून पुढे जायचं होतं. मूळ स्टेशनात हे सोपं. गाडी पुढे जाते, मग मागे सरकत डबे त्या रुळावर ढकलते आणि इंजीन मोकळं होतं. पण स्टेशन उलटं झाल्याने त्या रुळाचं तोंड आता दुसऱ्या टोकाला होतं. इंजीनच आधी आत शिरलं. पुढे रूळ संपला, मागे डबे. डबे ठेवायचे तर इंजीनही तिथेच राहणार, इंजीन काढायचं तर डबेही बाहेर.

फिरोजने पुढेमागे करून पाहिलं, परत पुढेमागे करून पाहिलं. दोरीपलीकडून एक बाई म्हणाल्या, "हातानं काढा ना भाऊ."

"नाही!" गोगटे ओरडले. "हात नाही. मागची पॅसेंजर थांबवा. फिरोज, डोकं चालव."

"डोकं चालवून इंजीन उडतं का?"

"सायडिंगच उलटी आहे ही!" गोगटे पाटावर वाकले. "नाना, असं कोणी बांधतं का? माल काय विमानानं काढणार? तुमचं काहीतरी चुकलंय हो."

लोक हसले. वाईट नव्हते हसले, मजा वाटली म्हणून हसले. नाना पाटाजवळ आले. वाकून पाहिलं आणि म्हणाले, "माझं चुकलं असेल."

"जाऊ द्या नाना," दीपकने त्यांचा खांदा हलकेच धरला. "बसा जरा. पाणी आणू?"

पुरावा असणारा माणूस तीन हातांवर उभा होता. गोगट्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलंही. मी म्हणालो, "चहा घेऊन येतो," आणि बाहेर पडलो.

तासाभराने परत आलो तेव्हा नाना व्हरांड्यात एकटे होते. आत पाऊण तास वाद चालून शेवटी 'पिंपरखेड्याला इंजीन नादुरुस्त' असं जाहीर करून गाड्या पुढे सोडल्या होत्या. दीपक दुकान उघडायला धुळ्याला परतला होता. संध्याकाळी नानांना बसमध्ये बसवून द्या, तोवर एकटे सोडू नका, धुळ्याला मी उतरवून घेतो, असं फिरोजला बजावून गेला होता.

मी नानांच्या हातात चहा दिला आणि सांगितलं. सगळं, कपाटासकट.

नानांनी चहा खाली ठेवला. "तुमले माहीत व्हतं?"

"हो."

"कवयपासून?" (कधीपासून?)

"पावसाळ्यापासून."

मला वाटलं ते हसतील, किंवा जाऊ द्या म्हणतील, मोठी माणसं म्हणतात तसं. नाना तसं काही म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. "मी रातभर जागत व्हतो, काळेसाहेब. आज निंब गया, उद्या अक्कानं (अक्काचं) नाव जाईन, असं वाटे. तुम्ही रंगाचे फोटो पाहून 'छान' लिहत व्हते."

"हो."

"म्हंजे निंब जेवना हातलेच व्हता."

"तिथेच होता, नाना. सगळंच तुम्हाला आठवतं तसं होतं."

 मी क्षमा मागितली. त्यांनी हात झटकला. "माले काय सांगी ऱ्हायनात? (मला काय सांगताय?) माले ते माहीतच व्हतं. मी सांगितलं तर कोन मानीन? दीपकले सांगा. अक्काले सांगा. आन फोनवर नको, घरी येऊन सांगा, जेवायले बसलो तसं समोर बसून." मग उठता उठता म्हणाले, "स्टेशन मी परत बांधीन. तुमचे फोटो नको."

संध्याकाळी बसस्थानकावर फिरोज त्यांना हाताला धरून नेत होता, तर नानांनी हात सोडवून घेतला आणि आपले आपण चढले. फिरोजला राग आला. म्हाताऱ्याचा भरवसा नाही, असं तो मला म्हणाला. मी त्यालाही तेव्हा काही सांगितलं नाही. हे लिहितोय ते आमच्या गटाच्या अंकात येईल, तेव्हा त्याला आणि गोगट्यांना कळेल, आणि पुढचा प्रवास ते दोघं माझ्याशी कसे बोलतील ते बोलतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून नाशिकची गाडी भरलेली होती. केळीच्या बागा मागे पडत होत्या, पानं हिवाळी उन्हात चकाकत होती. गोगटे पुढच्या वर्षासाठी नवा नियम सुचवत होते, की पाट आणण्याआधी प्रत्येकाने तो तपासून घ्यावा. आमच्या छंदात आम्ही सगळं तपासतो. रंग, रिव्हेट, धूळ. ज्याच्या हातून ते बनलं त्याला काय झालं, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही, आणि असती तरी मी पहिला गप्प बसलो असतो.

त्यानंतर दोन महिने झाले. नानांची स्कूटर अजून बंद आहे, हे मला अक्कांकडून फोनवर कळलं. मी अजून धुळ्याला गेलेलो नाही. दीपकच्या समोर बसून, त्याच्या वडिलांचं काहीही चुकलेलं नव्हतं, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे.