मिठागरातला अळणी माणूस

मासेरेका कंबरभर खाऱ्या पाण्यात उभा राहून पहारीने तळाच्या मिठाच्या लाद्या फोडायचा. काटवेच्या तळ्यावरच त्याची हयात गेली होती. आणि घरी तो अळणी जेवायचा.

"दिवसभर मीठ अंगात मुरतंय. वर ताटात कशाला?" तो म्हणायचा. तळ्यावरचे बरेच जण असंच मानायचे. त्याचा सोबती थेम्बो म्हणायचा, "याला उन्हात वाळत घाला. पोतंभर निघेल."

बायको इथुंगू तळ्याकाठी मिठाचा वाफा राखायची. तिने घेवड्यात चिमूटभर मीठ टाकलं, तरी तो ताट सारायचा. त्या कोरड्या दिवसांत त्याने नवंच खूळ धरलं. मुरलेलं मीठ धुऊन काढायचं म्हणून तो कॅनच्या कॅन पाणी पिऊ लागला.

एका दुपारी तो डोकं धरून घरी आला. ओकला. हात सुजले होते. इथुंगूला त्याने "आई" म्हटलं. त्याची आई कधीच गेली होती.

ऊन लागलं असेल, असं तिला वाटलं. तिने पाणी पाजलं. तो अजूनच बरळू लागला. तिने पुन्हा पाजलं.

थेम्बोने मोटरसायकल आणली. दवाखान्यात पोचताच मासेरेकाला आकडी आली. परिचारिका काबुघोने रक्त तपासलं.

"रक्तातलं मीठ फार उतरलंय."

"बाई, तो मिठात उभा असतो," इथुंगू म्हणाली.

"कातडीतून मीठ आत जात नाही. घामातून बाहेर मात्र जातं. काय पाजलंस?"

"पाणी."

"आता थेंबही नको."

काबुघोने जास्त मिठाचं सलाईन लावलं. मग इथुंगूशेजारी टेकली. "तुझा वाफा आहे ना? पाऊस पडला की काय करतेस?"

"बांध फोडते. गोडं पाणी सोडून देते."

"मूत्रपिंडं तेच करतात. जास्तीचं पाणी सोडायचं, मीठ राखायचं. मीठ ताटात नव्हतं, तरी इतके दिवस त्यांनी कसंबसं राखलं. पण घाम फार गेला, तेव्हा मेंदूने सांगितलं, पाणी सोडू नका. बांध बंद झाला. आणि वरून पाणी येतच राहिलं."

इथुंगूने आपल्या हातांकडे पाहिलं.

"मग भराभर मीठ चढवा ना बाई."

"घाई केली तर मेंदूला इजा होते. लघवी होऊ दे, म्हणजे बांध सुटला. तिचीच वाट बघतेय."

इथुंगू भांडं मांडीवर घेऊन बसली. सलाईन थेंबथेंब पडत होतं. मासेरेकाचे डोळे अर्धवट उघडे होते, पण बघत नव्हते. दारात थेम्बो आपला पाण्याचा कॅन घेऊन उभा होता. आत येऊन त्याने तो खाटेशी खाली ठेवला.

"बाई, मीपण अळणीच खातो," तो हळूच म्हणाला. आज तो हसला नाही.

उन्हं कलली तेव्हा मासेरेका चुळबुळला. इथुंगूने भांडं धरलं. ते भरत आलं. लघवी पाण्यासारखी स्वच्छ होती. काबुघोने वाकून पाहिलं आणि दुसरं भांडं आणायला सांगितलं.

"इथुंगू," तो म्हणाला. आई नाही, इथुंगू. "तहान लागलीय गं."

तिचा हात सवयीने कॅनकडे गेला. तिने काबुघोकडे पाहिलं. काबुघोने मान हलवली, नाही.

"थोडं थांब," इथुंगू म्हणाली आणि पायाने कॅन त्याच्या नजरेआड सारला.