इचलकरंजीच्या कापडाचा बेत

गोधडी जुन्या कपड्यांची करायची असते. नवं कापड विकत आणून गोधडी शिवायची म्हटलं तर माझ्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला असता. पण नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हल्ली जुनं म्हणून जे मिळतं ते सगळं सिंथेटिक. त्या साड्या अंगाला चिकटतात, टाक्यातून सरकतात, आणि त्यांत निजलेलं मूल घामानं भिजून उठतं. सुती पातळं नेसणाऱ्या बायका गेल्या आणि गोधडीचं कापडही त्यांच्याबरोबर गेलं. म्हणून मी, माझी धाकटी जाऊ आणि समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन, अशा आम्ही तिघींनी ठरवलं की गाडी काढायची आणि थेट इचलकरंजी गाठायची. तिथं मागावरचं सुती कापड ताग्यानं मिळतं. येताना कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं.

गाडी चालवणार आमचे हे. एका साहेबांची गाडी यांनी तीस वर्षं चालवली आणि तिला ओरखडा लागू दिला नाही. हे वाक्य माझं नव्हे, त्यांचं. आमच्याकडे पाहुण्याला ते चहाबरोबर मिळतं.

आम्ही तिघी रोज दुपारी आमच्या हॉलमध्ये शिवायला बसतो. तिघी साठीच्या आसपासच्या. सुई ओवण्यातच अर्धी दुपार जायची, म्हणून सकाळचा चहा झाला की हे बारा सुया ओवून एका छोट्या उशीला ओळीनं टोचून ठेवायला लागले. बेनना याचं इतकं कौतुक की त्यांनी ते अख्ख्या मजल्याला सांगितलं. "ड्रायव्हरची नजर आहे," असं म्हणत हे एका फटक्यात दोरा पार करायचे.

बेत ठरल्यावर चारेक दिवसांनी मी यांचा शर्ट धुवायला घेतला. खिशात पत्र्याची एक टिकली निघाली, तिला बारीक तारेचा फास. सुई ओवायला सोपं जावं म्हणून शिवणाच्या दुकानात मिळतं ते. मला आधी हसूच आलं. लबाडी करतोय म्हातारा, म्हटलं. पण मग आठवलं, हल्ली हे सुया घेऊन आतल्या खोलीत बसतात, दार लोटून. तुझ्या बडबडीत लक्ष लागत नाही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी दाराच्या फटीतून बघितलं. ती तारसुद्धा यांना नेढ्यात घालता येत नव्हती. कधी सुईच्या अलीकडून जायची, कधी पलीकडून. मध्येच यांनी उजवा डोळा मिटला आणि हात जागच्या जागी थांबला, आता सुई कुठे आहे तेच कळत नसल्यासारखा. उजवा उघडला, पुन्हा सुरू.

एकदा संशय शिरला की माणूस मागचं सगळं उकरून काढतो. आमच्या गाडीचा डावा दरवाजा गेटच्या खांबाला घासला होता. गेट नीट उघडलं नाही म्हणून यांनी वॉचमनशी केवढं भांडण काढलं होतं! चहा ओतताना कपाबाहेर सांडायचा, तेव्हा किटलीची तोटी वाईट ठरली होती. चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा, आणि बिल्डर लबाड ठरायचा. मी प्रत्येक वेळी मान डोलावली होती.

तरी खात्री करायलाच हवी होती. हे संध्याकाळी गॅलरीत उभे राहून खाली रिक्षावाल्यांची बाचाबाची बघत होते. मी अनवाणी गेले आणि यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. हातभर अंतरावर, श्वास रोखून. यांनी नाक खाजवलं, खालच्यांना दोन शिव्या घातल्या. मी हात वर करून यांच्या कानशिलाशेजारी हलवला. पापणीसुद्धा लवली नाही. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण एवढी मी कधीच घाबरले नव्हते. आले तशीच मागे सरकले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच कणीक मळत बसले.

बोलायचं कसं? रिटायर झाल्यापासून या माणसाकडे मिरवायला दोनच गोष्टी उरल्या होत्या, गाडी आणि सुया. गाडी काढून घेतली तर हे खुर्चीत बसल्या बसल्या संपतील असं वाटायचं, आणि नाही काढून घेतली तर आम्ही चौघं घाटात. इकडे आड, तिकडे विहीर. बेत मात्र रोज वाढत होता. जावेनं त्यात नरसोबाची वाडी घातली. बेननी थेपले कबूल केले. खंबाटकीचा घाट ऊन चढायच्या आत पार करायचा, असं यांनी जाहीर केलं. खंबाटकी म्हटलं की मला फक्त डावीकडून घासत जाणारा ट्रक दिसायचा. शिवताना टाके वाकडे पडायला लागले आणि ते मी गुपचूप उसवायची.

शेवटी शनिवारी संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जमले, कोण कुठे बसणार ते ठरवायला. मी म्हटलं, "ट्रेननंच जाऊ या का? कोल्हापूरपर्यंत आरामात जाता येईल."

"मी जिवंत असताना?" हे म्हणाले.

"मला हल्ली घाटात चक्कर येते. उलटीपण होते." साफ खोटं. आमच्या सात पिढ्यांत कुणाला गाडी लागलेली नाही.

"हिला लिफ्टमध्येपण भीती वाटते," हे म्हणाले, आणि तिघं खो-खो हसले. हसू देत, मी मनात म्हटलं, बेत मोडतोय ना.

पण बेन म्हणाल्या, "तो भाभी, तुम्ही घरी आराम करा ने! आम्ही तिघं जाऊन येते. तुमचा कापड मी बरोबर बघून आणते, टेन्शन नको घेऊ."

"हां ताई, खरंच," जाऊ म्हणाली. "मग मीच पुढे बसते, दादांच्या शेजारी."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी घरी सुखरूप आणि ती डावीकडच्या सीटवर.

"नको बसूस," माझ्या तोंडून निघून गेलं. "यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

"काहीही बोलते ही," असं म्हणत हे जावेकडे वळले. ती यांच्या डावीकडेच बसली होती. तिचा चेहरा सापडायला यांना अख्खी मान फिरवावी लागली, आणि ते सगळ्यांनी बघितलं. मग हे उठून गॅलरीत गेले. बेननी आपली पिशवी उचलली, जावेनं चपला घातल्या. दोघींनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी गॅलरीत गेले, उजव्या बाजूनं.

"चार माणसांत बोललीस."

"बोलले. एकट्यात विचारायची हिंमत होत नव्हती." मी म्हटलं. "कधीपासून?"

हे खाली बघतच म्हणाले, "गणपतीच्या आधीपासून. पहिल्यांदा धुरकट, मग काहीच नाही. वाटलं, चष्म्याचा नंबर असेल."

गणपतीला आम्ही याच गाडीनं रत्नागिरीला गावी गेलो होतो. पुढे लेक बसली होती, तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. वाटेत घाट, वर धो धो पाऊस.

"तेव्हा?" मी विचारलं.

"समोर बघताना ती दोघं दिसायची नाहीत," हे म्हणाले. "बाळ रडलं की कळायचं, शेजारी आहेत."

मी गॅलरीचा कठडा धरला. त्या घाटातलं मला काहीच आठवत नव्हतं. हे चालवतायत म्हणून मी मागच्या सीटवर अंग टाकलं होतं आणि घाट संपेपर्यंत निवांत झोपले होते.