बारीक अक्षरातला शेवट

चष्म्याच्या दुकानात गेलं की हातात वाचायला एक कार्ड देतात. वर ठसठशीत अक्षरं, मग खाली खाली बारीक होत जाणारी. बहुतेक दुकानांत त्यावर काहीतरी मिळमिळीत असतं. सूर्य उगवला, पक्षी उडाले, गार वारा सुटला. या चष्मेवाल्याच्या दुकानात मात्र कार्डावर त्याची स्वतःची गोष्ट होती.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे दुरुस्तीला कोट येतो, इथवर मोठी अक्षरं. फाटक्या खिशातून अस्तरात घसरलेली किल्ली तिला सापडते, तिथून अक्षरं लहान. कोटवाल्याचा पत्ता शोधत ती जिना चढते तेव्हा मुंग्यांएवढी. आणि अगदी तळाशी, जिथे भल्याभल्यांचं नाक कार्डाला टेकायचं, तिथे ती कुलपात किल्ली घालते. कार्ड संपलं.

गिऱ्हाइकं तीन भाषांची, म्हणून कार्डंही तीन. पण बाई तिन्हींत सारखी वागेल तर शपथ! बाजारच्या भाषेत ती कमरेला कात्री खोचून धाडधाड जिना चढायची. शाळेत शिकलेल्या भाषेत कोटाचा वास घेऊन उसासे टाकायची. घरच्या भाषेत मात्र खाली मान घालून जायची आणि खाली मान घालून यायची, कारण ती भाषा बायको वाचायची, मेहुणा वाचायचा, आत्या वाचायची. "ही बाई कोण रे?" असं कोण कधी विचारेल याचा नेम नव्हता.

कार्डं छापून द्यायचा समोरचा झेरॉक्सवाला. तोही लिहिणारा. प्रेमकविता करायचा, पण बायकोला न येणाऱ्या भाषेत. "अरे लेका, तिला कळलं तर विचारेल ना, हे घारे डोळे कुणाचे? काय सांगू, यमकाचे?"

चष्मेवाल्याची इच्छा एकच होती. आयुष्यात एकदा कुणीतरी कार्ड खाली ठेवून विचारावं, पुढे काय झालं?

कुणी विचारायचं नाही. बँकेतला कॅशियर नोटा मोजल्यासारखा वाचायचा. "जिना चढली, किल्ली काढली, घातली. बरोबर. पुढचं द्या." चष्मेवाला पुढे सरसावायचा. "पुढचं? म्हणजे पुढचं प्रकरण?" "प्रकरण कसलं? पुढची काच द्या हो!" शाळेतल्या बाई वाचता वाचता थांबून म्हणायच्या, "'हळूच' दोनदा आलंय." बसचा कंडक्टर तर असा ओरडून वाचायचा की वाटावं, ती बाई जिन्यावर नाही, मागच्या दाराने बसमध्येच चढतेय.

आणि खरं सांगायचं तर पुढे काय झालं हे चष्मेवाल्यालाही ठाऊक नव्हतं. काचांच्या रिकाम्या पाकिटांवर तो रोज दुपारी शेवट लिहायचा. दारामागे खजिना, दारामागे प्रेत, दारामागे तिचा हरवलेला नवरा. लिहायचा आणि खोडायचा. दारामागे काहीही ठेवलं तरी ते कुणीतरी आधीच ठेवून गेल्यासारखं वाटायचं.

"अहो," बायको गल्ल्यावरून म्हणायची, "त्या बिचारीला एकदाची आत तरी घ्या. किती वर्षं झाली, दारात उभी आहे."

दुकानातल्या बाकावर दुपारभर आत्या बसायची. वडिलांची बहीण, पांढऱ्या वेणीचा शेपटा, आवाज घंटेसारखा. पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या चष्मेवाल्याला ती भर गिऱ्हाइकात 'बाळ्या' म्हणायची. हल्ली तिचं काहीतरी बिनसलं होतं. "बाळ्या, दिवे मिणमिणते लावतोस. कंजूष झालास." परवा झेरॉक्सवाला कागद द्यायला आला, तर त्यालाच बाळ्या समजून तिने झाडलं. तोही भला माणूस, "हो आत्या, चुकलं आत्या" म्हणत खालमानेने निघून गेला.

"आत्यांचे डोळे एकदा बघा," बायको म्हणाली.

"माझे? ठणठणीत आहेत!" आत्या खुर्चीवर जाऊन बसली. समोरच्या भिंतीवरची अक्षरं तिने धडाधड सांगितली. मग चष्मेवाल्याने कार्ड दिलं आणि ती वाचायला लागली.

काय वाचत होती! कॅशियरसारखं नाही, कंडक्टरसारखं नाही. कोटाचा फाटका खिसा आला तिथे "च् च् च्" केलं. जिन्यावर दम खाल्ला. चष्मेवाला हातातली काच हातातच धरून ऐकत राहिला. आपली गोष्ट इतकी चांगली आहे हे त्याला आजवर कुणी कळू दिलं नव्हतं. "'ती दारापाशी पोचली,'" आत्या म्हणाली, "'आणि तिने आधी दार वाजवलं. किल्ली असली म्हणून काय, लोकांच्या घरात असं शिरू नये.'"

"अगं, हे मी कधी लिहिलं?"

"अहो," बायको हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्या हातात कार्ड कुठलं आहे ते बघा जरा."

कार्ड शाळेच्या भाषेतलं होतं. घाईत तेच हाताला लागलं होतं. त्या भाषेतलं एक अक्षर आत्याला येत नव्हतं, आणि गोष्ट मात्र ती घरच्या भाषेत घडाघडा वाचत होती. बाकावर बसून, दहा गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून पाठ! भिंतीवरची अक्षरंही तशीच पाठ. चष्मेवाल्याने बॅटरी धरली. दोन्ही बुबुळांमागे दुधी काच बसवल्यासारखं होतं.

"आत्या, मोतीबिंदू आहे. पिकलाय."

"असू दे. मला कुठे सुईत दोरा ओवायचाय?"

"ऑपरेशन करावं लागेल."

"डोळ्यात सुरी? माझ्या? बाळ्या, तुला कडेवर घेऊन फिरवलंय मी!" आणि मग आवाज एकदम खाली आला. "डोळे गेले म्हटलं की तुम्ही मला एकटीला रस्ता ओलांडू देणार नाही. मग या बाकावर कोण बसणार?"

डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थांबलात तर अवघड होईल. आत्या जागची हलेना. भाच्याने विनवलं, बायकोने दटावलं, झेरॉक्सवाल्याने स्वतःच्या सासूचं ऑपरेशन रंगवून सांगितलं, ते इतकं रंगलं की आत्या आणखीच घाबरली.

एक दिवस बाकावरून तिनेच विचारलं, "बाळ्या, त्या बाईचं पुढे काय झालं रे?"

चष्मेवाला जिथे होता तिथे उभा राहिला. किती वर्षं वाट पाहिलेलं वाक्य, आणि ते असं, फ्रेमा पुसताना! 'मलाच ठाऊक नाही' हे तोंडात आलेलं गिळून तो म्हणाला, "छापतोय. कार्डाच्या तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरात. कुणालाही मोठ्याने वाचू देणार नाही. ज्याला हवं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं."

"मेल्या!"

"तारीख घेऊ का डॉक्टरांची?"

आत्याने वेणीचा शेपटा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "घे."

आता पंचाईत अशी, की शेवट नव्हता. आणि लिहायचा तर घरच्या भाषेत, जिथे बाई खाली मान घालून चालायची. चष्मेवाला पाकिटावर पाकिटं खोडत राहिला. शेवटी त्याने आत्याचंच वाक्य लिहिलं. बाईने आधी दार वाजवलं. आणि लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं, वाजवलं की आतून कुणीतरी बोलणारच! तो एकटाच हसत सुटला. बायकोने गल्ल्यावरून मान उंच करून बघितलं.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं एकामागून एक पार पडली. डोळ्यांत औषध घालताना आत्याने डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत कुणाला सोडलं नाही. मग नवा नंबर काढायचा दिवस आला. ती खुर्चीत बसली, पहिल्यांदा भाच्याकडे नीट बघितलं. "टक्कल केव्हा पडलं रे?"

"वाच."

तिने वाचलं. घरच्या भाषेतली बाई या वेळी कमरेला कात्री खोचून, कोटाचा वास घेत, मान वर करून जिना चढली. आत्याने चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. शेवटची ओळ आली. कार्ड नाकाला न टेकवता, हातभर लांब धरून ती वाचू लागली. "'तिने दार वाजवलं. आतून एक वैतागलेला आवाज आला: बाई, वाजवताय काय! दोन दिवस आत अडकलोय, किल्ली तुमच्याचकडे आहे, उघडा!'"

आत्या अशी हसली की चष्मा नाकावरून घसरला. बाकावरचा कॅशियर उठून आला. "काय झालं? काय झालं शेवटी?"

"नंबर काढून घ्या आणि वाचा," आत्या म्हणाली. मग कार्ड उलटं करून मागे बघितलं. मागे कोरं. "बाळ्या, दार वाजवणं माझं आहे. चोरलंस."

"हो."

"बरं झालं. आता सांग, उघडलं का तिने, की आधी शिलाईचे पैसे मागितले?"

चष्मेवाल्याने वरच्या खिशातून पेन काढलं आणि काचेचं रिकामं पाकीट शोधायला लागला.