पाठीचा अभ्यास

फिजिओथेरपीच्या कॉलेजात दुसऱ्याच आठवड्यात शिंप्याच्या मुलावर शर्ट काढायची वेळ आली.

त्या दिवशी वर्गात छताला ओळंबा टांगला होता. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी वापरतो तोच, दोरीला लोंबणारं पितळी वजन. मुलींची सोय पडद्याआड वेगळी होती. मुलांनी एकेक करून दोरीशेजारी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी शरीर दोरीपासून कुठे ढळतंय ते सांगायचं. कुणाची मान पुढे, कुणाचा गुडघा मागे, कुणाचं पोट तर त्याच्याआधी दोरीला भेटणारं. हसणं-खिदळणं चाललं होतं.

शिंप्याचा मुलगा मात्र रांगेत मागे मागे सरकत होता. आपली पाठ वाकडी आहे हे त्याला ठाऊक होतं, पण जगाला ठाऊक नव्हतं. ती व्यवस्था बापाने केली होती. शाळेच्या गणवेशापासून या पांढऱ्या एप्रनपर्यंत त्याचा प्रत्येक कपडा बापाने स्वतः शिवलेला. डाव्या खांद्यात दोन बोटं जाड भर, उजवीकडे पाठीवर थोडं सैल कापड, एका बाजूची शिवण अर्धा इंच वर. कपड्यांत तो इतका ताठ दिसायचा की शेजारणी आपापल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायच्या.

त्याचा नंबर आला. शर्ट काढून तो उभा राहिला आणि हसणं बंद झालं.

"अगबाई!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अरे, हे तर पुस्तकातलं चित्र आहे! इतकी वर्षं शिकवतेय, पण वर्गातल्या वर्गात असा नमुना मला कधी मिळाला नव्हता."

नमुना म्हटल्यावर वर्गात हशा फुटला. मॅडमना ते हसणं कळलंच नाही. त्यांनी मार्कर घेतला, मानेपासून कमरेपर्यंत एकेका मणक्यावर ठिपका दिला आणि ठिपके जोडले. पाठीवर इंग्रजी एस उमटला.

"आता वाक. अजून. हं. उजव्या बरगड्या कशा वर आल्या, दिसतंय? मागच्यांना दिसतंय? या, रांगेने या, हात लावून बघा."

एकतीस जणांनी हात लावला. काही हात गार होते, काही घामेजलेले. एकाने बोटाने टकटक करून पाहिलं, दार वाजवावं तसं. शाई चार दिवसांत गेली. नमुना हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं त्याला त्याचं फारसं दुःख नव्हतं. शाळेत त्याला कुणी विचारत नसे, इथे त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं. प्रॅक्टिकल जवळ आली की हॉस्टेलवरच्या त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. तो पालथा पडायचा आणि पोरं त्याच्या पाठीवर अभ्यास करायची. पालथ्या पालथ्याच तो शिकवायचाही. "वर गेलास. मानेच्या बुडाशी ठळक लागतो तो सातवा, तिथून मोज. हं, आता बरोबर." तो पहिल्या तिघांत यायचा. हे सगळे आपले मित्र आहेत, असं त्याने मनाशी धरलं होतं.

त्यातला सगळ्यात जवळचा म्हणजे खोलीतला जोडीदार, वकील. बाथरूमच्या रांगेवरूनही तो मुद्देसूद भांडायचा म्हणून हे नाव. वकिलाला मणक्यांची नावं पाठ होता होत नसत. नमुन्याने ती त्याला रोज संध्याकाळी घोकून घेऊन पाठ करून दिली होती.

तिसऱ्या वर्षी वॉर्डातली कामं सुरू झाली आणि पाठ बोलायला लागली. पेशंटला उठवायचं, बसवायचं, धरून चालवायचं, सहा-सहा तास उभं राहायचं. दुपारी सगळे जेवायला गेले की नमुना चादरींच्या खोलीत फरशीवर सपाट पडून राहायचा. कुणाला सांगितलं नाही. शेवटचं दीड वर्ष उरलं होतं, तेवढं रेटायचं.

तेवढ्यात मॅडमनी चर्चासत्रांची यादी लावली. प्रत्येकाने एक केस मांडायची, वर्गाने चर्चा करायची, मार्क वार्षिक परीक्षेत धरायचे. वकिलाच्या नावापुढे विषय होता, 'पाठीच्या बाकाचा रुग्ण आणि त्याचा व्यवसाय'. केस कोणाची, हे लिहायची गरजच नव्हती.

"तू नाही म्हणालास तर मी मॅडमना सांगतो," वकील म्हणाला.

"नाही कशाला म्हणू? विचार तुला काय विचारायचं ते."

वकिलाने वही घेतली. किती वेळ उभं राहवतं? दुखणं कुठून सुरू होतं? घरी माहीत आहे का? विचारण्याची त्याची पद्धत चांगली होती, मॅडमनी शिकवलेली. मध्ये बोलायचं नाही, मान हलवायची. आपल्याला इतकं मन लावून आजवर कुणी काही विचारलं नाही, असं नमुन्याला वाटलं आणि तो बोलत गेला. चादरींच्या खोलीचं सांगितलं. मग पक्षाघात झालेल्या एका आजींचंही सांगितलं. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवताना त्याची पाठ अचानक धरली, आजी घसरल्या, त्याने त्यांना मांडीवर झेलून कसंबसं खुर्चीत टाकलं. आजींना वाटलं पोरगा चेष्टा करतोय, त्यांनी एक धपाटा घातला. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"हे लिहू नकोस हं," नमुना म्हणाला.

"छे," वकील म्हणाला.

केसच्या दिवशी नमुना नेहमीसारखा शर्ट काढून उंच टेबलावर वर्गाकडे पाठ करून बसला. वकिलाने सुरुवात केली. रुग्णाचं वय, उंची, बाक किती अंशांचा, सगळं चोख. आवाजात जरब होती. मग तो व्यवसायाकडे वळला.

"रुग्ण आपल्या वेदना लपवतो. रोज दुपारी चादरींच्या खोलीत झोपून राहतो. गेल्या महिन्यात त्याच्या हातून एक वृद्ध रुग्ण पडता पडता वाचली. त्याने याची नोंद केलेली नाही."

नमुन्याने मागे वळून पाहिलं. "अरे, ते मी तुला..."

"पेशंटने मध्ये बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पुढे?"

चर्चा रंगली. एकीने विचारलं, अशा माणसाला वॉर्डात ठेवणं धोक्याचं नाही का? दुसरा म्हणाला, त्याला पट्टा लावून चालेल. तिसरा म्हणाला, पट्टा लावलेल्या माणसाकडून पेशंट व्यायाम का शिकेल? लोक हसले, मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, मुद्दा चांगला आहे. ज्यांनी आदल्याच आठवड्यात त्याच्या पाठीवर मणके मोजले होते, ते आता 'रुग्ण' म्हणून बोलत होते. शेवटी मॅडमनी हात वर करायला सांगितले. रुग्णाने हा व्यवसाय सोडावा, असं कोणाकोणाला वाटतं?

समोर काचेचं कपाट होतं. त्यात नमुन्याला मागचा वर्ग दिसत होता. वकिलाने हात मोजले, चुकायला नको म्हणून दोनदा.

"सव्वीस."

मॅडमनी त्याला वीसपैकी वीस दिले. त्या वर्षी तेवढे कुणालाच मिळाले नव्हते.

खोलीवर आल्यावर वकील म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण खरं सांग, ती म्हातारी पडली असती तर?"

नमुना कॉटवर पालथा पडला. रागावण्याची सोयसुद्धा वकिलाने ठेवली नव्हती.

मॅडमनी प्रकरण वर कळवलं. त्यांना ते कळवणं भागच होतं. आठवड्यात नमुन्याचं वॉर्डातलं काम बंद झालं. वॉर्डाशिवाय पदवी नाही. बापाला बोलावणं गेलं.

बाप कात्रीने घट्टे पडलेले हात मांडीवर ठेवून मॅडमसमोर बसला. मुलगा शेजारी उभा.

"घरी कधी लक्षात आलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"आलं की," बाप म्हणाला. त्याला वाटलं, आपण नीट सांगितलं तर इलाज होईल. त्याने पिशवीतून मापांची वही काढली. "दर वाढदिवसाला माप घेतो मी. हे बघा, दहाव्या वर्षी डावा खांदा पाव इंच खाली. अकराव्या वर्षी अर्धा. तेराव्या वर्षी एकदम सव्वा इंच. एक वर्ष चुकवलं नाही."

मॅडम पानं उलटत राहिल्या. पहिल्या दिवशी आली होती तीच चमक डोळ्यांत आली. "हे फार मोलाचं आहे हो. अशी वर्षावर्षाची नोंद कुठे मिळत नाही. ही वही मी ठेवून घेऊ?"

"ठेवा ना. पोराच्या उपयोगी पडली तर..."

"आता त्याचा उपयोग नाही. हाडं वाढायची थांबली. अकराव्या-बाराव्या वर्षी आणलं असतंत, तर पट्ट्याने बाक बहुधा तिथल्या तिथे थांबला असता." त्यांनी चष्मा काढला. "दर वर्षी तुम्हाला दिसत होतं. तुम्ही केलंत काय?"

बापाने मुलाच्या खांद्याकडे पाहिलं.

"भर घातली," तो म्हणाला.

नमुना घरी परतला. बापाच्या दुकानात काजं-बटणं करायला बसला. ते काम पाठ टेकून करता येतं. दोघांत बोलणं लागेल तेवढंच व्हायचं. 'चहा घेतोस का', 'तो निळा दोरा दे', एवढंच. दुखत होतं तर बोलला का नाहीस, हे बापाने विचारलं नाही आणि वही का दिलीत, हे मुलाने.

वर्षभराने टपालाने एक जाड मासिक आलं. आत मॅडमचा लेख होता. पाठीचा फोटो, मानेपाशी कापलेला. खाली बापाच्या वहीतली मापं तक्त्यात बसवलेली. बाजूला पेनाने लिहिलं होतं, 'आभारासह'.

बापाला इंग्रजी येत नव्हतं. त्याने मशीन थांबवलं, हात पुसले आणि मासिक मुलापुढे धरलं. खूप दिवसांनी त्याचा चेहरा जरा उजळला होता.

"माझी मापं छापलीत की रे! काय लिहिलंय? वाच, मराठीत सांग."

मुलाने लेख मनातल्या मनात वाचून काढला. चार ओळी गाळल्या असत्या तर कुणाला कळणार नव्हतं.

"लिहिलंय," तो म्हणाला, "की रुग्णाच्या वडिलांना व्यंग दहा वर्षं माहीत होतं. त्यांनी उपचार न करता ते कपड्यांखाली लपवलं. पालकांच्या अशा अज्ञानामुळे मुलाचं कायमचं नुकसान होतं. हे त्याचं ठळक उदाहरण आहे."

"उदाहरण म्हणजे मी?"

"तुम्ही."

बापाने मान हलवली. त्याने मासिक परत मागितलं नाही.

"अजून आहे काही?"

"दीड पान आहे," मुलगा म्हणाला आणि पुढचं वाचायला लागला.